सोन्याचे दोन अणू, मधे एक रेणू

तार जितकी बारीक तितका तिचा रोध जास्त, हे बारावीची मुलं प्रयोगशाळेत मीटर ब्रिजवर पडताळून बघतात. त्यांची वही तपासून झाली की मी विचारतो, तार बारीक होत होत एका अणूवर आली तर? मग त्यांना मारियांजेला लिसांटीचं काम सांगतो.

अमेरिकेतल्या वेस्टपोर्टच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने येल विद्यापीठात नेमकं हेच मोजायचं यंत्र बनवलं. सोन्याची दोन टोकं एकमेकांना टेकवायची आणि हळूच ओढायची. सोनं ताणलं जातं, मधला दुवा तुटता तुटता चार अणूंचा, दोन अणूंचा, एका अणूचा उरतो. विजेची वाहकता या वेळी सलग घटत नाही, जिना उतरावा तशी पायरीपायरीने खाली येते. शेवटच्या पायरीवरचा रोध सुमारे १२,९०० ओहम. हा आकडा सोन्याचा नाहीच. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक एवढ्यांवरच तो ठरतो. मला दरवेळी इथे थांबावंसं वाटतं, इतकं ते सुंदर आहे.

पण अणू दरवेळी वेगळे रचले जातात, म्हणून एका मापावर विश्वास ठेवता येत नाही. टोकं पुन्हा पुन्हा जोडायची, तोडायची, आणि सगळ्या नोंदींचा आलेख काढायचा. लिसांटीने हे भराभर आणि स्वस्तात करून दाखवलं. २००० साली सीमेन्स आणि २००१ साली इंटेल, अशा दोन्ही मोठ्या विज्ञानस्पर्धा तिने जिंकल्या. आज ती प्रिन्स्टनला प्राध्यापक आहे, कृष्णद्रव्यावर काम करते.

आता हे मोजून उपयोग काय? एक उत्तर संगणकाच्या स्मृतीत सापडतं. सोन्याच्या टोकांमधल्या फटीत एक रेणू बसवता येतो. येलच्याच मार्क रीड यांनी, जेम्स टूर यांच्यासोबत, १९९७ साली अशा रेणूची वाहकता मोजली होती. व्होल्टेज देऊन रेणूची अवस्था बदलली आणि तो कधी जास्त, कधी कमी वीज वाहू देऊ लागला, की तेच एक आणि शून्य. पण ते वाचायचं म्हणजे इतका क्षीण प्रवाह खात्रीने मोजता आला पाहिजे, आणि सोन्याचं काय नि रेणूचं काय हे वेगळं ओळखता आलं पाहिजे.

२००७ साली हीथ आणि स्टॉडर्ट या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी ४०० तारांवर आडव्या ४०० तारा टाकून, दांड्यावर सरकणाऱ्या कड्याच्या आकाराचे रेणू मधे ठेवून १,६०,००० बिटांची स्मृती बनवली. पांढऱ्या रक्तपेशीएवढी! त्यातले बरेच बिट मात्र सदोष निघाले, आणि कुठले चालतात ते एकेक मोजूनच शोधावं लागलं.