उपास, श्रद्धा आणि एक इंग्रजी शब्द

परवा बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांचा चहा झाला. एका ताईंचा निर्जळी उपास होता, त्यांनी कप नुसता पुढे सरकवला. कुणीतरी हसत म्हणालं, "या अगदी फंडामेंटलिस्ट हं!" सगळ्या हसल्या, पण ताईंचा चेहरा उतरला. म्हणून आज या शब्दाविषयीच बोलू या.

फंडामेंटल म्हणजे मुळातलं, पायाचं. हा शब्द घडला अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांत. बायबलची इतिहासाच्या अंगाने चिकित्सा होऊ लागली, डार्विनचा उत्क्रांतीचा विचार पसरला, तेव्हा श्रद्धेचा पायाच खचतोय असं काहींना वाटलं. त्यांनी १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' नावाच्या १२ पुस्तिका काढल्या. तेलाच्या धंद्यातले लायमन स्टुअर्ट आणि त्यांचे भाऊ यांनी खर्च उचलला आणि त्या पुस्तिका फुकट वाटल्या. पुढे १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकांनी मूळ तत्त्वांसाठी झगडणाऱ्यांना 'फंडामेंटलिस्ट' हे नाव सुचवलं. म्हणजे ही शिवी नव्हती. लोकांनी ते नाव अभिमानाने घेतलं.

मग शब्दाला डाग कसा लागला? १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, हे सरकारी शाळेत शिकवायला तिथे कायद्याने बंदी होती. त्यांना १०० डॉलर दंड झाला. वरच्या कोर्टाने तो नंतर रद्द केला, पण वर्तमानपत्रांनी फंडामेंटलिस्टांची भरपूर टिंगल केली. १९७९ च्या इराणच्या क्रांतीनंतर हा शब्द इतर धर्मांतल्या कडव्या लोकांनाही सर्रास लावला जाऊ लागला. मराठीत आपण 'मूलतत्त्ववादी' म्हणतो.

आता आपल्या ताईंकडे वळू. त्यांनी स्वतः पाणी घेतलं नाही, पण तुमच्या हातातला कप काढून घेतला का? नाही ना! स्वतः कडक नेम पाळणं वेगळं, आणि सुनेने, शेजारणीने, शाळेतल्या मुलांनी तो पाळलाच पाहिजे अशी सक्ती करणं वेगळं. सक्ती दिसली तर जरूर बोला, पण नेमकं काय खटकलं ते सांगा. नुसतं नाव ठेवलं की माणूस दुखावतो आणि मुद्दा तसाच राहतो.

पुढच्या बैठकीत ताईंना आधी विचारू या, "उपास कधी सुटतो? तेव्हा चहा ठेवू."