टिनाच्या शेडमधला उजेड

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळक्यात, किंवा मालेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात, घराला लागून एक टिनाचे शेड हमखास दिसते. नावाला ते गाडी ठेवण्यासाठी. प्रत्यक्षात तिथे मोटारसायकल असते, फवारणीचा पंप असतो, सोयाबीनची पोती, ढेप, कोपऱ्यात कडबा कुट्टी आणि भिंतीला टेकवलेला पाने-पक्कडचा डबा. दिवस शेतात जातो, त्यामुळे दुरुस्तीची कामे निघतात ती रात्रीच. आणि या सगळ्या पसाऱ्यावर उजेड कशाचा? मधल्या लोखंडी अँगलला लटकवलेल्या 9 वॅटच्या एका एलईडी बल्बचा.

2015 साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे हे बल्ब खेडोपाडी पोहोचले आणि घराघरातले वीजबिल हलके झाले, हे चांगलेच झाले. पण झोपायच्या खोलीला पुरणारा बल्ब कामाच्या जागेला पुरेलच असे नाही. असा बल्ब साधारण 900 ल्युमेन प्रकाश देतो. शेड दहा बाय वीस फुटांचे धरले तर क्षेत्रफळ होते सुमारे साडेअठरा चौरस मीटर. गिलावा नसलेल्या भिंती, काळवंडलेले टिन आणि धूळ यांत निम्मा प्रकाश जिरतो. उरलेला कामाच्या जागी पोहोचतो तो जेमतेम पंचवीस लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. गाडीच्या साध्या दुरुस्तीला 300 लक्स लागतात, कार्ब्युरेटर किंवा बारीक वायरिंग उघडायचे तर 500. म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उजेडात माणसे पाना फिरवत असतात.

त्यात वयाचा हिशेब वेगळाच. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर पडते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पोराला जो नट स्पष्ट दिसतो तो बापाला दिसत नाही. बापाला वाटते, चष्म्याचा नंबर वाढला. पुष्कळदा नंबर तोच असतो, उजेड कमी असतो.

दिसले नाही की माणूस चेहरा कामाजवळ नेतो. ग्राइंडर चालवताना गॉगल लावला तर अंधारी येते म्हणून तो काढून ठेवतो. शासकीय रुग्णालयात ‘डोळ्यात कचरा गेला’ म्हणून जे रुग्ण येतात, त्यांत लोखंडाचा कण बुबुळावर रुतलेले बरेच असतात. बुबुळाचा पारदर्शक पडदा मध्यभागी अवघा अर्धा मिलिमीटर जाड असतो. कण तसाच राहिला तर एक-दोन दिवसांत त्याभोवती गंजाचे कडे धरते. शेजाऱ्याने काडीला कापूस गुंडाळून तो कोरून काढण्याचा प्रयत्न केला असेल तर जखम चिघळते आणि मागे पांढरा डाग राहतो. तो नेमका मध्यभागी असला की नजर कायमची मंदावते.

शेडमध्ये उजेडाची आखणी करायची तर गणित अवघड नाही. साडेअठरा चौरस मीटर गुणिले 300 लक्स म्हणजे सुमारे साडेपाच हजार ल्युमेन. निम्मे वाया जाणार, म्हणून अकरा हजार घ्यायचे. चार फुटी 20 वॅटची एलईडी पट्टी साधारण 2000 ल्युमेन देते. सहा पट्ट्या झाल्या की काम झाले. एकूण 120 वॅट. रोज दोन तास लावल्या तरी पाव युनिट. दोन पट्ट्यांना वेगळे बटण ठेवावे, नुसती गाडी आत घ्यायला तेवढ्या पुरतात. आत चुना मारला तर उजेड आणखी वाढतो, आणि त्याला वीज लागत नाही.

खरी चूक होते ती जागेत. सगळे दिवे गाडीच्या बरोबर डोक्यावर लावले की उजळते टाकी आणि टप. वाकून काम करणाऱ्याची स्वतःचीच सावली इंजिनावर पडते. पट्ट्या दोन ओळींत, गाडीच्या दोन्ही अंगांना लांबीने लावाव्यात, म्हणजे एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा प्रकाश पुसतो. कामाच्या टेबलावरचा दिवा पाठीमागे नको, समोर वर हवा. ट्रॅक्टरच्या खाली शिरायचे तर छतावरचा कोणताच दिवा उपयोगाचा नाही, तिथे चार्जिंगची बॅटरीच बरी. पट्ट्या टिनाला चिकटवू नयेत. मे महिन्यात ते टिन हाताला चटका देते आणि एलईडीच्या आतले छोटे सर्किट उष्णतेनेच लवकर मरते. साखळीने फूटभर खाली सोडलेली पट्टी जास्त टिकते.

कडबा कुट्टीजवळचा दिवा निवडताना मात्र दोन पैसे जास्त घालावेत. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण अशा प्रकाशात फिरते चाक हळू फिरतेय किंवा थांबलेय असा भास होऊ शकतो. थांबले समजून घातलेला हात पुन्हा जोडणे प्रत्येक वेळी जमत नाही. पारख सोपी आहे: दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा गोठ्याच्या दाराला लावावा, यंत्रावर नको.

रंग 4000 ते 5000 केल्विनचा घ्यावा आणि सीआरआय 80 च्या वर, नाहीतर वायरचा तपकिरी आणि लाल एकच दिसतो. एलईडीच्या निळ्या प्रकाशाने डोळे जातात ही भीती मोबाइलवर फिरते. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने 2018 मध्ये सगळा पुरावा तपासला. निरोगी माणसाला नेहमीच्या वापरात असे नुकसान होत असल्याचे तिला आढळले नाही. झोपेवर परिणाम होतो हे मात्र खरे. रात्री अकरापर्यंत झगझगीत पांढऱ्या उजेडात राहिले की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. सकाळी लवकर वावरात जायचे असेल तर काम आदल्या संध्याकाळी लवकर आटोपावे.

वायरिंगबाबत तडजोड नको. टिनाच्या धारेने वायर सोलली जाते आणि पावसात सगळे शेडच करंट धरते. वायर पाइपातून न्यावी, अर्थिंग करावे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. उजेड वाढला की किडे येतात, किडे आले की शटर ओढले जाते, आणि आत इंजिन सुरूच असते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते. त्यापुढे माणसाला उठून दार उघडण्याचेही सुचत नाही. अशा माणसाला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि मग लगेच दवाखान्यात न्यावे, तोंडावर पाणी मारत बसू नये. किड्यांसाठी अंगणात दूर एक बल्ब लावून खाली पाण्याचे घमेले ठेवले तर बरेचसे तिकडे जातात, आणि शटर उघडेच ठेवता येते.