उरलेल्या नऊ गोळ्या

आजींनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. कापलेल्या पट्ट्या, त्यांना रबरबँड, चुरगळलेला केसपेपर, सुपारीचा तुकडा. मी नर्स; ओपीडीच्या दिवशी वही घेऊन संशोधनाला बसते. हार्ट फेल्युअरचे रुग्ण औषधं किती नेमाने घेतात आणि त्यात स्मरणशक्तीचा वाटा किती, हा विषय.

“गोळ्या रोज घेता ना, आजी?”

“घेते की सिस्टर. एक चुकवत नाही.”

हे उत्तर सगळेच देतात. सिस्टरला वाईट वाटू नये म्हणूनही देतात. म्हणून मी मोजते. लघवीच्या गोळ्या दिल्या होत्या ३०, दिवस झाले २८. उरायला हव्या दोन, निघाल्या नऊ. म्हणजे २८ पैकी २१, ७५ टक्के. अभ्यासांत बहुधा ८० टक्क्यांची रेघ धरतात. तिच्याखाली गेलं की वॉर्डाच्या भाषेत पेशंट ‘नॉन-कम्प्लायंट’. मला हा शब्द आवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारांत औषधांचा नेम सरासरी ५० टक्केच पाळला जातो. मग शिक्का आजींवरच कशाला?

चुकलेल्या सातांपैकी चारांचा पत्ता लगेच लागला. मंगळवारचा बाजार. गोळी घेतली की तासाभरात दोनतीनदा जावं लागतं, आणि एसटी काही मध्येच थांबत नाही. यात विसर कुठला? सरळ हिशेब आहे.

उरलेल्या तीन कशा राहिल्या, ते मात्र आजींना आठवेना. हृदय दमलं की मेंदूचा रक्तपुरवठाही घटू शकतो; आठवण, आखणी दोन्ही ढिली पडतात. ते जोखायला ‘मोका’ नावाची ३० गुणांची चाचणी आहे. तीत घड्याळ काढून काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवायचे. आजींनी पेन्सिल धरली ती उलथनं धरावं तशी. शिक्षण कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो, पण शाळा न पाहिलेल्याला आणि बारावी झालेल्याला तेवढाच. हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षर वृद्धांसाठी अशीच दुसरी एक चाचणी बेतली, तेव्हा ‘डोळे मिटा’ हे वाचायला लावण्याऐवजी ‘माझ्याकडे बघून तसंच करा’ अशी सोय केली होती. एवढं शहाणपण सगळ्याच अर्जांत हवं होतं.

मी कागद बाजूला सारला. “गोळीची आठवण कशी होते?”

“दुधाची गाडी गेली, की.”

गेल्या महिन्यात पावसाने रस्ता बंद होता, गाडी आली नव्हती, असं सून म्हणाली. किती दिवस, दोन की चार, ते तिलाही नक्की सांगता येईना.

डॉक्टरांना विचारून मंगळवारची गोळी बाजारातून परतल्यावर घ्यायचं ठरलं. बाकीच्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर. पट्टी चहाच्या डब्यावर ठेवायची.

पुढच्या खेपेला पुन्हा ३० गोळ्या, २८ दिवस. पिशवीतून तीन निघाल्या.