देगलूरवरून गेलेली रेघ

देगलूर, नायगाव, उमरी, भोकर, हदगाव. नांदेड जिल्ह्याच्या नकाशावर ही गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे जवळजवळ एका ओळीत येतात. एसटीने जायचे तर दहा वळणे घ्यावी लागतील, पण नकाशावर पट्टी ठेवली की रेघ सरळ निघते. ७८ व्या रेखांशाच्या थोडी पश्चिमेला असलेल्या या पट्ट्यातून १८१५ नंतरच्या सात-आठ वर्षांत एक लवाजमा पुढे सरकत गेला. बैलगाड्या, तंबू, झेंडे आणि उचलायला डझनभर माणसे लागावीत असे एक पितळी यंत्र त्यांच्याबरोबर होते. त्यांना इथली जमीन नको होती, महसूलही नको होता. ते पृथ्वी मोजत होते.

हे काम ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’चे, म्हणजे भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे. विल्यम लँब्टन या यॉर्कशायरच्या लष्करी अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ त्याला सुरुवात केली. कंपनी सरकारला टिपूच्या पाडावानंतर हाती आलेल्या मुलखाचे नकाशे हवे होते. लँब्टनला त्यापेक्षा मोठ्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे मान्य झाले होते, पण किती चपटी? विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश साधारण ११०.६ किलोमीटरचा भरतो आणि ध्रुवाजवळ तोच १११.७ चा. एवढ्या किलोमीटरभराच्या फरकातून पृथ्वीचा आकार काढायचा होता. फ्रेंचांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना असे मोजमाप करून त्यावरून मीटर ठरवला होता. उष्ण कटिबंधातला लांबलचक कंस मात्र कोणाकडेच नव्हता. कंपनीने नकाशासाठी पैसे दिले आणि लँब्टनने त्याच पैशात आपले विज्ञान उरकून घेतले. सरकारी खात्यात असे धोरणी वैज्ञानिक आजही भेटतात.

पद्धत सांगायला सोपी आहे. सपाट जागेवर दहा-बारा किलोमीटरची एक पायारेषा अगदी काटेकोर मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहून कोन मोजले की त्रिकोण पुरा होतो आणि उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. त्यानंतर साखळी जमिनीवर पसरायचे कारण नाही. टेकडीमागून टेकडी, त्रिकोणामागून त्रिकोण असे पुढे जायचे. पण पायारेषेत बोटभर चूक झाली तर ती त्रिकोणागणिक पुढे सरकते, म्हणून ठरावीक अंतराने नवी पायारेषा मोजून ताळा घ्यावा लागतो.

मराठवाड्याच्या अंगणातली पायारेषा १८१५ मध्ये बीदरच्या पठारावर मोजली गेली. तिथल्या दामरगिद्दा या स्थानकाचा अक्षांश १८ अंश ३ मिनिटे. देगलूरपासून ते सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला आहे. त्या काळी हे सगळे निजाम सिकंदर जाहच्या राज्यात मोडत होते.

साखळी म्हणजे शेताच्या मोजणीतली शंकुसाखळी नव्हे. लँब्टनकडची एक साखळी १०० फुटांची, पोलादी, अडीच-अडीच फुटांच्या ४० कड्यांची होती. ती मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून निघालेली; त्याने नाकारली आणि फिरत फिरत ती कलकत्त्यात विकली गेली. अशी साखळी जमिनीवर टाकत नाहीत. तिवयांवर लाकडी पन्हळी एका पातळीत बसवायच्या, साखळी त्यांत निजवायची, टोकाला ठरावीक वजन लावून ताण द्यायचा, वर कापडाची सावली धरायची आणि शेजारी तापमापक ठेवून दर वेळी आकडा लिहून घ्यायचा. मग सगळे उचलून शंभर फूट पुढे. मद्रासची साडेसात मैलांची रेषा अशी मोजायला ५७ दिवस लागले.

तापमापकाचे एवढे कौतुक कशाला, असे वाटेल. फॅरनहाइटच्या दहा अंशांनी शंभर फुटांचे पोलाद इंचाच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाएवढे वाढते. साडेसात मैलांत साखळी जवळपास चारशे वेळा पडते, म्हणजे एकूण चूक अडीच फुटांची. आपल्याकडे पहाटेचा गारठा आणि दुपारचे ऊन यांत दहा अंशांचा फरक काय, त्याच्या दुप्पटही सहज पडतो.

कोन मोजायचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेल्या या यंत्राचे वजन अर्धा टन आणि आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे होते. वर्तुळावरच्या रेघा सूक्ष्मदर्शकातून वाचायच्या. त्याची कुंडलीच वाईट. भारतात येताना ते फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेले, पण युद्ध चालू असतानाही तिथल्या गव्हर्नरने सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. वर्तुळ वाकले. नवे यंत्र इंग्लंडहून येईपर्यंत वर्षे गेली असती. लँब्टनने तंबूची दारे लावून घेतली आणि सहा आठवडे खपून पाचर, स्क्रू अन् हातोडी यांनी वर्तुळ पुन्हा गोल केले. उष्ण कटिबंधातला एवढा मोठा कंस ठोकून सरळ केलेल्या वर्तुळाने मोजला गेला, हे तंजावरच्या किश्शातले सगळ्यात नवल.

किती बारीक मोजायचे, याची कल्पना एका गोष्टीवरून येते. शाळेत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश शिकवतात, पण टेकड्यांवरचे त्रिकोण फुगीर पृथ्वीवर पसरलेले असतात. तीस-तीस किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात ही बेरीज १८० पेक्षा सुमारे दोन सेकंद जास्त येते. एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, किलोमीटरवर ठेवलेल्या अर्ध्या सेंटिमीटरएवढा. एवढा फरकही हिशेबात धरावा लागे.

उन्हाळ्यात माळावर झळा नाचतात. दूरचा झेंडा थरथरतो आणि कोन पकडता येत नाही. म्हणून लँब्टनची माणसे पावसाच्या दिवसांत बाहेर पडत, कारण सरी येऊन गेल्या की हवा धुतलेल्या काचेसारखी होते. मात्र त्याच दिवसांत इथली काळी माती चाक आरीपर्यंत गिळते, हे नायगाव-बिलोलीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अर्धा टन पितळ खांद्यावरून वाहणाऱ्यांनी, टेकडीवर झेंडा धरून दिवस दिवस उभे राहणाऱ्यांनी या चिखलातून वाट काढली. सर्वेक्षणाच्या भाषेत ते खलाशी. साहेबांची पत्रे जपली गेली. खलाशांचे पगार तेवढे हिशेबात आले.

टेकडीवरून दुर्बीण रोखणाऱ्या परक्यांबद्दल गावोगाव संशय असे. त्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, हे खरेच होते. त्यावरून साहेब लोक आपल्या बायकाही उलट्या करून पाहतात, असा बोभाटा झाला. भांडणे झाली. मुलूखही शांत नव्हता. जानेवारी १८१९ मध्ये हदगाव भागातल्या नाव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक हटकरांनी निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेला झुंजवले. एकीकडे गढीच्या तटाला सुरुंग लागत होते आणि त्याच सुमारास त्याच निजामी मुलखात सेकंदाचे भाग मोजले जात होते.

१८१८ च्या अखेरीस हैदराबादेत लँब्टनच्या हाताखाली २८ वर्षांचा जॉर्ज एव्हरेस्ट रुजू झाला. स्वभाव तापट. कृष्णा-गोदावरीमधल्या रानात पहिल्याच मोहिमेत निजामाने दिलेल्या शिपायांनी बंड केले, तेव्हा त्याने त्यांना फटके मारवले. पाठोपाठ तापाची साथ आली, माणसे दगावली आणि तो स्वतः प्रकृती सुधारायला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला. याच लवाजम्यात हेन्री व्हॉयसी हा डॉक्टर होता. तो खडकांचाही अभ्यासक. भारतातल्या पहिल्या भूवैज्ञानिकांत त्याची गणना होते.

परत आल्यावर एव्हरेस्टकडे त्रिकोणांची दुसरी साखळी आली. बीदरच्या पायारेषेवरून निघून पश्चिमेला मुंबईपर्यंत. अठरा अंशांच्या आसपास पश्चिमेला वळले की निलंगा, औसा हा लातूरचा दक्षिण पट्टा लागतो. याच अक्षांशावर, दामरगिद्द्याच्या सव्वाशेएक किलोमीटर पश्चिमेला किल्लारी आहे. दख्खनचे पठार म्हणजे जुने, निश्चल, हलणार नाही असे समजले जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास तो समज मोडला.

उत्तरेकडची साखळी विदर्भात अचलपूरजवळ टाकरखेड्याला पोचली आणि १८२२ मध्ये तिथे पायारेषा मोजली गेली. तिथे एक विचित्र अडचण होती. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ‘खाली’ कुठे, हे ओळंबा सांगतो. पण उत्तरेचे डोंगर ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतात, हे पुढे एव्हरेस्टने हिशेब करून दाखवले. गवंड्याच्या ओळंब्यावर डोंगराचा असर काय पडणार? पण इथे सेकंदांचा प्रश्न होता.

लँब्टन आता थकला होता. नागपूरला निघालेला असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. तिथेच त्याला पुरले. वीस वर्षांत तो कन्याकुमारीच्या जवळून विदर्भापर्यंत आला होता. एव्हरेस्टला मुंबईची साखळी सोडून मुख्य काम हाती घ्यावे लागले. पश्चिमेचे त्रिकोण पुढे इतरांनी पुरे केले.

१८४१ मध्ये सर्वेक्षणातल्याच अँड्र्यू वॉ याने बीदरची पायारेषा पुन्हा मोजली. या वेळी साखळी नव्हती, कोल्बीच्या पट्ट्या होत्या. लोखंड आणि पितळ यांच्या जोडपट्ट्या अशा युक्तीने बांधलेल्या की दोन्ही धातू उष्णतेने कमी-जास्त वाढले तरी टोकांवरच्या ठिपक्यांमधले अंतर दहा फूटच राहते. मध्य भारतातल्या सिरोंजहून त्रिकोणांनी गणित करत आणलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत काही इंचांचा फरक निघाला. मधे शेकडो किलोमीटर डोंगर, गोदावरी, तापी आणि नर्मदा होत्या.

त्याआधी १८३० मध्ये एव्हरेस्टने ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याच्या नावातच मोजलेल्या कंसाची दोन टोके आहेत: १८ अंश ३ मिनिटे आणि २४ अंश ७ मिनिटे. पहिले टोक म्हणजे दामरगिद्दा. या मापांतून आणि युरोपातल्या मापांतून पृथ्वीचा जो आकार त्याने ठरवला, त्यावर भारताचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे काढले गेले. हिमालयातल्या शिखराला त्याचे नाव १८६५ मध्ये मिळाले.

आज देगलूरला मोजणीसाठी येणारा भूकरमापक साखळी आणत नाही. काठीवर रोव्हर लावतो, उपग्रह सापडले की आकडा घेतो. जुन्या नकाशांशी हे आकडे जुळवताना संगणकावर पृथ्वीचा आकार निवडायची एक यादी येते. तिच्यात ‘एव्हरेस्ट १८३०’ हा पर्याय अजून आहे. घाईत चुकीच्या नावावर बोट पडले, तर शेत शंभर मीटरांहून अधिक सरकून भलत्याच्याच गटात जाऊन बसते.