विश्लेषण : मोठ्या टाकीत मासे हलवताना ‘विरजण’ का लागते?

रविवारी घरात नवी, मोठी टाकी येते. काच लख्ख पुसलेली, खडी धुतलेली, पाणी आरपार दिसणारे. जुन्या छोट्या टाकीतले गोल्डफिश त्यात सोडले जातात आणि सगळे घर कौतुकाने पाहत बसते. बुधवार-गुरुवारपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन हवा गिळू लागतात. आठवडा संपण्यापूर्वी एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो. ‘मासेच नाजूक निघाले’ असे म्हणून विषय संपवला जातो. पण अशा वेळी चूक बहुधा वेगळीच असते. मासे नव्या टाकीत गेले, त्यांना जगवणारे जिवाणू मात्र जुन्या टाकीतच राहिले.

मोठी टाकी हवी कशाला?

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हा समज चुकीचा आहे. फॅन्सी गोल्डफिश १५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा होऊ शकतो, तर साधा लांबट गोल्डफिश ३० सेंटीमीटरपर्यंतही जातो. छोट्या टाकीत त्याची वाढ खुंटते, ती अपुऱ्या जागेमुळे आणि साचलेल्या घाणीमुळे. पाणी जितके जास्त तितकी घाण विरळ होते आणि तापमानही हळू बदलते. २० लिटरच्या टाकीत एखादा दिवस जास्त खाद्य पडले तर पाणी बिघडते. ६० लिटरमध्ये तीच चूक पचून जाते.

स्वच्छ पाण्यात मासे का दगावतात?

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ले जाळतो. मुरलेल्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच असते. त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. कोऱ्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर आरशासारखे स्वच्छ दिसणारे पाणीही विषारी असू शकते.

‘विरजण’ कुठून आणायचे?

जुन्या टाकीतूनच. जुने पाणी ओतले की जिवाणू आले, असे अनेकांना वाटते. पण हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, दगड यांच्या पृष्ठभागाला ते चिकटून असतात. म्हणून जुना फिल्टर आहे तसा नव्या टाकीत लावावा आणि नव्या फिल्टरसोबत किमान महिनाभर चालू ठेवावा. त्याहून चांगले म्हणजे टाकी बदलण्यापूर्वी ३-४ आठवडे नवा फिल्टर जुन्या टाकीत चालवून घ्यावा. थोडी जुनी खडी जाळीच्या पिशवीत भरून नव्या टाकीत ठेवली तरी मदत होते.

जुना स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरिन जिवाणूंना मारते. फारच गाळ असेल तर जुन्या टाकीच्याच पाण्यात तो हलकेच पिळून घ्यावा. स्पंज सुकू देऊ नये, फिल्टर तासन् तास बंदही ठेवू नये. प्राणवायू मिळाला नाही तर जिवाणू मरू लागतात.

टाकी आणि पाणी कसे तयार करावे?

आधी जागा ठरवावी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १९० किलो. भरलेली टाकी सरकवता येत नाही. तेव्हा स्टँड मजबूत आणि समपातळीत हवा. टाकी साबणाने धुऊ नये. ताज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो जाईपर्यंत थांबावे. मग टाकी भरून २४ तास गळती तपासावी.

नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले तर त्यातील क्लोरिन बरेचसे उडून जाते. मात्र पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असे उडत नाही. म्हणून दुकानात मिळणारे अँटिक्लोरिन सांगितलेल्या प्रमाणात घालणे सुरक्षित. जुनी टाकी नळाच्या पाण्यावर आणि नवी बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर भरली, तर क्षार आणि सामू दोन्ही बदलतात. सामू ७ वरून ८ झाला, तर तेवढ्याच अमोनियातील विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून पाण्याचा स्रोत शक्यतो तोच ठेवावा. जुन्या टाकीतले वरचे निवळ पाणी थोडे मिसळावे. त्यातून जिवाणू फारसे येत नसले, तरी पाण्यातला फरक कमी होतो.

मासे कसे हलवावेत?

आदल्या दिवशी खाद्य देऊ नये. बादलीत जुन्या टाकीचे पाणी घेऊन त्यात एअर पंपाची नळी सोडावी. शोभेच्या वस्तू आणि झाडे आधी काढावीत, म्हणजे मासे पकडताना पाठलाग होत नाही. खडी मात्र मासे बाहेर काढल्यावरच हलवावी, कारण तिच्यातील गाळ उसळतो. मासे बादलीत आले की ती झाकावी. घाबरलेला मासा उडी मारतो. त्यानंतर दर ५-१० मिनिटांनी नव्या टाकीतले कपभर पाणी बादलीत घालत राहावे. साधारण पाऊण तासाने मासे जाळीने उचलून नव्या टाकीत सोडावेत. त्या दिवशी टाकीचा दिवा बंदच ठेवावा.

पहिल्या महिन्यात काय पाहावे?

मोठी टाकी सुरुवातीला रिकामी वाटते आणि त्याच आठवड्यात आणखी आठ-दहा मासे आणले जातात. पण आणलेले विरजण जुन्या माशांपुरतेच असते. नवे मासे महिनाभरानंतर, एका वेळी दोन-तीन असे आणावेत. खाद्य निम्मे करावे. तपासणी संचाने दोन दिवसांआड अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. दोन्ही शून्य हवेत. आकडा वर गेला, मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले किंवा पर मिटून बसले, तर पाव भाग पाणी क्लोरिन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे. घाबरून सगळी टाकी रिकामी करू नये आणि फिल्टर घासून धुऊ नये. तसे केले की विरजणच फेकले जाते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

जुनी छोटी टाकीही टाकून देऊ नये. आजारी मासा वेगळा ठेवायला किंवा नवा मासा दोन-तीन आठवडे निरीक्षणाखाली ठेवायला तीच उपयोगी पडते.