चारही चाकांचे बळ

मुलांनो, पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. चालक जोर लावतो, इंजिन गुरगुरते, मागचे एक चाक गरगर फिरून चिखल उडवते. पण गाडी जागची हलत नाही. नीट पाहिले, तर मागचे दुसरे चाक अगदी स्वस्थ असते! असे का होते बरे?

शाळेतील कवायत आठवा. चार मुलांची रांग वळते, तेव्हा आतला मुलगा जवळजवळ जागीच पावले टाकतो आणि बाहेरच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडी वळताना चाकांचेही तसेच होते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली, तर एक चाक रस्त्यावर घासत जाईल. म्हणून त्यांच्यामध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची दातेरी चाकांची रचना बसवतात. तिच्यामुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात.

हीच सोय चिखलात नडते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. चिखलातले चाक थोड्याशा जोराने फिरू लागते. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. तेवढ्याने गाडी हलणार कशी?

यावर उपाय म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणे. मागे माल भरायला उघडा हौदा असलेली पिकअप गाडी तुमच्या ओळखीची आहे. जपानच्या टोयोटा कंपनीने १९६८ साली ‘हायलक्स’ नावाची पिकअप काढली आणि १९७९ साली तिला चारही चाकांचे बळ दिले. भारतात ही गाडी २०२२ साली आली. तिच्या चालकासमोर एक गोल खटका असतो. एका खुणेवर फक्त मागची चाके गाडी ढकलतात, दुसरीवर चारही चाके कामाला लागतात. तिसऱ्या खुणेवर चारही चाकांची गती खूप कमी होते आणि जोर सुमारे अडीच पट वाढतो. उभा चढ चढायला किंवा सावकाश उतरायला ही खूण उपयोगी पडते. शिवाय एक बटण दाबले, की मागची दोन्ही चाके एकत्र जखडली जातात. मग एक चाक चिखलात असले, तरी दुसरे गाडीला पुढे रेटते.

मग चारही चाके नेहमीच का वापरू नयेत? कारण वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वाटेने जातात. या गाडीत ती खटक्याने एकमेकांशी जोडली जातात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. टायर घासतात आणि दात्यांवर ताण येतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चारही चाकांचे बळ गाडीला पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात! ओल्या रस्त्यावर थांबणे टायरच्या पकडीवर अवलंबून असते. त्यातून पिकअपच्या मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा ओझ्यासाठी कडक केलेल्या असतात. हौदा रिकामा असला, की मागचा भाग हलका होतो, खड्ड्यांत उसळतो आणि भरधाव वळणावर घसरू शकतो. जाहिरातीत अशी गाडी ओढ्यातून पाणी उडवत जाताना दाखवतात. ती निसरड्या रस्त्यावर थांबताना मात्र क्वचितच दिसते.

ओढ्याचीच गोष्ट घ्या. हायलक्स ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. पण हे साचलेल्या पाण्याबाबत खरे. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते आणि खालून उचलतेही. सुमारे दोन फूट वाहते पाणी पिकअपलासुद्धा वाहून नेऊ शकते. चाके एकदा जमिनीवरून उचलली गेली, की ती दोन फिरोत वा चार, त्यांना रेटा द्यायला खाली काहीच उरत नाही.