टसरचा पतंग, तलावाची टाचणी

पूर्व विदर्भातल्या ढिवर समाजाची दोन जुनी कामं: मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासेमारी आणि ऐनाच्या झाडांवरचं टसर रेशमाचं पीक. या एकाच मुलखात अगदी वेगळ्या वळणाचे दोन कीटक नांदतात. ऐनावर टसरचा पतंग, अँथेरिया मायलिटा. आणि तलावाकाठच्या गवतात पिवळ्या शेपटीची टाचणी, सेरियाग्रिऑन कोरोमँडेलियानम. नाव एवढं लांबलचक, टाचणी जेमतेम दीड इंचाची!

टसरच्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी चार वेळा कात टाकत ऐन-अर्जुनाची पानं फस्त करते. त्या शिदोरीवरच पतंगाचा आठवडाभराचा संसार चालतो. मादी बसल्या जागी गंध सोडते, नर पिसांसारख्या शृंगिकांनी तो टिपत रात्री तिच्यापर्यंत पोचतो.

खरी कारागिरी कोशाची. त्याला चक्क देठ असतो आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती घट्ट कडं. त्यामुळे पानं गळाली तरी कोश लटकून राहतो आणि आतला जीव पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहू शकतो. बाहेर येताना पतंग एक पाचक रस सोडून कोशाचं टोक मऊ करतो. पण भोक पडलं की सलग धागा निघत नाही. म्हणून बियाण्यापुरते कोश राखून बाकीच्यांतला जीव उष्णतेने मारतात. साडी दाखवताना दुकानदार हे सांगत नाही.

टाचणीला कोशाची भानगडच नाही. मादी पाणवनस्पतीच्या देठात अंडी खुपसते, तेव्हाही नराने तिला शेपटीच्या चिमट्याने मानेशी धरलेलं असतं. पिल्लू पाण्यात वाढतं. शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले, तोंडाखाली घडी घातलेला ओठ. भक्ष्य टप्प्यात आलं की ओठ सटकन पुढे जातो आणि ते पकडून आणतो. वाढ पुरी झाली की पिल्लू देठावर चढतं, पाठ उकलते आणि थेट पंखवाली टाचणी बाहेर येते. खाणं पालटलं तरी शिकार सुटत नाही: आधी डासांच्या अळ्या, मग डास आणि भातावरचे तुडतुडे.

ऐनावर अळ्या असताना पाखरं हाकलायला माणूस दिवसभर झाडाखाली बसतो. फवारणीचं नावही कोणी काढत नाही. तलावाखालच्या भातात मात्र तुडतुड्यांवर औषध मारलं, की त्यांना फुकटात खाणारी टाचणीही त्यातच जाते. तिची कात बाजारात विकली जात नाही ना!